घोंगडीची ऊब आणि लोकरीचे मोल

देगलूर हे तेलंगण आणि कर्नाटक यांच्या सीमेलगतचे व्यापारी गाव. या भागात मराठी माणूस ज्या वस्त्राला घोंगडी म्हणतो, त्यालाच तेलुगू माणूस गोंगडी आणि कन्नड माणूस कंबळी म्हणतो. भाषा तीन, परंतु वस्त्र एकच : दख्खनी मेंढीच्या काळ्या, जाड लोकरीचे. कळपामागे उघड्या माळावर रात्र काढणाऱ्या धनगराचे तेच अंथरूण, तेच पांघरूण आणि पावसात डोक्यावरची खोळही तीच.

लोकर ऊब निर्माण करीत नाही, ती राखते. तिचा तंतू मुळातच कुरळा असल्याने त्यात हवा अडकून राहते आणि स्थिर हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही. उलट, शोषताना थोडी उष्णता देते. म्हणूनच दव पडणाऱ्या पहाटेही घोंगडी उपयोगी पडते. शेकोटीची ठिणगी उडाली तरी लोकर चटकन पेट घेत नाही. कृत्रिम धागा मात्र वितळून अंगाला चिकटतो.

गिर्यारोहकांच्या झोपण्याच्या पिशव्यांत बदक वा हंस यांची पिसे भरतात. वजनाच्या मानाने ती लोकरीपेक्षा अधिक उबदार असतात, हे मान्य केले पाहिजे. पण अंगाखाली दबली की त्यांची ऊब जाते. जाड लोकर दबूनही बरीच फुगीर राहते. शिवाय, अशी पिसे बहुतांशी मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असतात, तर लोकर जिवंत मेंढीच्या अंगावरून कातरता येते. श्वेतांबर साधू-साध्वींच्या उपकरणांत लोकरीची कांबळी आणि रजोहरण यांना स्थान आहे, याचे स्मरण येथे उचित ठरेल.

तरीही हिशोब जुळत नाही. दख्खनी मेंढी साधारणतः वर्षातून दोनदा कातरली जाते; पण कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीच्या विक्रीतून निघत नाही आणि लोकर टाकून द्यावी लागते. साहजिकच मेंढपाळ लोकर नसलेल्या, केवळ मांसासाठी पोसल्या जाणाऱ्या जातींकडे वळतो. ही लोकर अंगाला टोचते, म्हणून कपड्याच्या बाजारात तिला मागणी नाही. मात्र तिचे मोल कपड्याच्या मापाने करणे हीच चूक होय. सुती खोळीत भरलेली गादी, तंबूतील जाड बैठक, यात्रेकरूंचे अंथरूण या कामी तिचा जाडपणा हाच गुण ठरतो.

लोकर निवडणे, धुणे आणि योग्य ग्राहकापर्यंत पोहोचविणे ही कामे व्यापाऱ्याची आहेत. केवळ लोकरीच्या उत्पन्नावर मेंढी कसायापासून वाचेल, असा दावा करता येणार नाही. परंतु लोकरीला भाव आला, तर जिवंत मेंढीचे मोल निश्चित वाढेल. जीवदया आणि व्यवहार ज्या सौद्यात एकत्र येतात, असे सौदे थोडे असतात. त्यांपैकी हा एक आहे.