आंब्याच्या सावलीत रानहळद



बांधावरच्या आंब्याखाली ऊस खुरटतो, हे आपणांस सांगायला नको. मग परसातल्या तशाच सावलीत लावायचे काय, असे पुष्कळ जण विचारतात. माझे उत्तर एकच : रानहळद.

त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात पावसाळ्यात झाडांच्या आडोशाला ही फुलते. वरचा गुलाबी तुरा म्हणजे फूल नव्हे, ती रंगीत पाने. खरी फुले खाली, पिवळीधमक. जॉन ग्रॅहम यांनी १८३९ साली मुंबई परिसरातील वनस्पतींच्या यादीत हिला शास्त्रीय नाव दिले. ही अस्सल आपल्या देशाची वनस्पती आहे. स्वयंपाकाची हळद मात्र ही नव्हे.

लागवड मृगाच्या आधी करावी. काळ्या जमिनीत पाणी तुंबते, म्हणून वीतभर उंच वाफा करून त्यात मुरूम, पालापाचोळ्याचे खत आणि चांगले कुजलेले थोडे प्रेसमड मिसळावे. गड्डा दोन इंच खोल, डोळा वर करून, फुटाफुटावर लावावा. रासायनिक खताची गरज नाही. पागोळ्या पडतात ती जागा टाळावी.

आता खरी गोम. पाऊस सरला की पाने पिवळी पडून वाळतात. आपल्याला वाटते, झाड मेले. आणि आपला हात पाण्याकडे जातो. मीही पहिल्या वर्षी तेच केले. उसाची पाळी आली की वाफ्यातही पाणी सोडायचो. उन्हाळ्यात उकरून पाहिले तर गड्डे कुजून लगदा झालेले! झाड मेलेले नव्हते, झोपलेले होते. खोडवा जसा बुडख्यातून फुटतो, तशी ही गड्ड्यातून फुटते. तोवर तिला कोरडे राहू द्यावे. जागा ओळखायला खुंटी ठोकावी, नाहीतर कुदळ लागते.

बेणे कोठून आणावे? ज्यांच्या परसात आधीच ही आहे त्यांच्याकडून, किंवा खात्रीच्या रोपवाटिकेतून. रानातून उपटू नये. फूल तोडले तर गड्डा राहतो. गड्डाच काढला तर त्या जागी पुढच्या वर्षी काहीच उगवत नाही. अंजनेरीचा डोंगर तर २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे हात लावायचाच नाही.

दोन-तीन वर्षांत बेट वाढले की गड्डे वेगळे करून शेजाऱ्याला द्यावेत. बेणे असे घराघरांतून फिरले, तर रानातले रानात राहील.

— ऊस विकास अधिकारी