डीपीच्या पोटातलं पोलाद

डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळाली की गावात चर्चा तेलाची होते, फ्यूजची होते, लाइनमनच्या तर सात पिढ्यांची होते. आतल्या पत्र्याचं नाव मात्र कुणी काढत नाही. तारेच्या वेढ्यांच्या मधोमध पातळ पत्र्यांची चळत बसवलेली असते, तिला कोअर म्हणतात. या पत्र्याला बाजारात सीआरजीओ म्हणतात, म्हणजे कोल्ड रोल्ड ग्रेन ओरिएंटेड. वर्षानुवर्षं तो देशात एकाच ठिकाणी तयार होत आला: नाशिकहून मुंबईकडे जाताना महामार्गालगत लागणाऱ्या, इगतपुरी तालुक्यातल्या गोंदे दुमाला इथल्या कारखान्यात.

शाळेत शिकलेली पोलादाची व्याख्या इथे अडखळते. लोखंडात थोडा कार्बन असला की पोलाद. कार्बन वाढला की ते कठीण होतं आणि दोन टक्क्यांच्या पुढे गेला की बीड. बांधकामाची सळई असो की गाडीची स्प्रिंग, कार्बनचं प्रमाण आधी पाहायचं. या पत्र्यातून मात्र तो जवळजवळ हाकलून द्यावा लागतो, शेवटी 0.003 टक्के उरला तरी जास्तच. त्याच्या जागी सुमारे 3 टक्के सिलिकॉन असतं. सिलिकॉनमुळे पत्र्याचा विद्युतरोध वाढतो आणि त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह कमी होतात. पण त्यानेच पोलाद ठिसूळ होतं, म्हणून 3 टक्क्यांच्या फार पुढे जाता येत नाही; लाटतानाच पट्टी तडकते.

लाटण्याआधी हॉट रोल्ड कॉइल आम्लात धुऊन तिच्यावरची खपली काढतात; हे पिकलिंग. मग दोनेक मिलिमीटरची पट्टी थंडच लाटत 0.23 किंवा 0.27 मिलिमीटरवर आणतात. पुढे ओलसर हायड्रोजनच्या भट्टीत कार्बन निघून जातो आणि पट्टीवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा लेप चढतो, नाहीतर कॉइलचे वेढे एकमेकांना चिकटून बसतील. खरं काम त्यानंतरचं. कॉइल हायड्रोजनमध्ये 1,200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. तापवणं आणि निववणं धरून हे कित्येक दिवस चालतं.

पोलाद म्हणजे असंख्य बारीक स्फटिककण, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. लोखंडाच्या घनाकार स्फटिकात चुंबकत्व घनाच्या कडेने सहज वाहतं, तिरकं जाताना अडतं. ज्या मोजक्या कणांची कड लाटण्याच्या दिशेला समांतर असते, ते या भट्टीत बाकीच्यांना गिळून वाढतात. डोळ्यांना न दिसणारा कण सेंटिमीटरभर होतो. ही युक्ती अमेरिकेतल्या नॉर्मन गॉसची. त्याला 1934 मध्ये पेटंट मिळालं, म्हणून या रचनेला आजही त्याचंच नाव आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? रोहित्रातलं चुंबकत्व सेकंदाला 50 आवर्तनं करतं आणि प्रत्येक आवर्तनात कोअर थोडी वीज उष्णता म्हणून खाते. शिवारातले सगळे पंप बंद असले तरी डीपी चालू असेतोवर हे खाणं चालूच राहतं. म्हणून हा पत्रा ताकदीवर विकला जात नाही, किलोमागे किती वॅट वाया जातात यावर विकला जातो. जुन्या रोहित्रांतला पत्रा कापून पुन्हा खपवण्याचा धंदा देशात बराच चालला. असा पत्रा दिसायला ठीक असतो, पण कापण्या-वाकवण्याच्या ताणाने आतली रचना बिघडलेली असते आणि नुकसान वाढतं. पुढे मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं, ते उगाच नव्हे.

गोंद्याच्या कारखान्याचे मालकही बदलत गेले. आधी तो रेमंडच्या पोलाद विभागाकडे होता. सुटिंगवाल्या रेमंडने कधी पोलादही लाटलं, हे ऐकून आजही लोक दचकतात. नंतर तो जर्मनीच्या थिसेनक्रुपकडे गेला, आणि 2025 च्या सुरुवातीला जेएसडब्ल्यू व जपानी जेएफई यांच्या संयुक्त कंपनीने घेतला. ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालेली किंमत होती 4,158 कोटी रुपये आणि क्षमता वर्षाला सुमारे 50,000 टन. म्हणजे टनभर क्षमतेमागे आठ लाखांहून जास्त! हा भाव नुसत्या यंत्रांचा नाही. भट्टी कुणीही विकत घेईल. तापमान किती वेगाने चढवायचं, कुठल्या टप्प्यावर किती वेळ थांबायचं, याचे तक्ते जगातल्या मोजक्या कंपन्यांकडेच आहेत. ते सौद्याबरोबर आल्यावर नव्या मालकांनी नाशिकची क्षमता अडीच लाख टनांवर नेण्याची योजना मांडली आहे.