ताकद आणि दम : व्यायामाच्या दोन पद्धतींचा मेळ

पोलीस भरतीचे दिवस जवळ आले की परांड्यापासून उमरग्यापर्यंत धाराशिव जिल्ह्यातील शाळांची मैदाने पहाटेपासून गजबजू लागतात. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांतील तरुण-तरुणींच्या दृष्टीने ही चाचणी म्हणजे स्थिर उपजीविकेचे दार होय. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्याला, १५ गुण १०० मीटर धावण्याला आणि १५ गुण गोळाफेकीला असतात. निम्मे गुण न मिळाल्यास लेखी परीक्षेची संधी मिळत नाही. साहजिकच, थोड्या वेळात दमवणारा ‘सर्किट’ व्यायाम करावा की वजने उचलून ताकद कमवावी, असा प्रश्न या उमेदवारांपुढे उभा राहतो.

सर्किट म्हणजे व्यायामांची फेरी. एका जागी बैठका, दुसऱ्या जागी जोर, तिसऱ्या जागी दोरीवरच्या उड्या, असे एकामागून एक, फारशी विश्रांती न घेता करावयाचे असतात. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात मॉर्गन व ॲडमसन यांनी १९५३ मध्ये ही पद्धत विकसित केली. पुढे १९९६ मध्ये जपानच्या इझुमी ताबाता यांनी २० सेकंद तीव्र श्रम व १० सेकंद विश्रांती अशा सात-आठ आवर्तनांचा प्रयोग सायकल-यंत्रावर प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांत तरुणांची प्राणवायू वापरण्याची क्षमता आणि तीव्र श्रम सोसण्याची क्षमता या दोन्ही वाढल्याचे त्यात आढळून आले. वेळ कमी लागतो आणि दम वाढतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय.

ताकदीचे शास्त्र मात्र वेगळे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांकडून क्रमाक्रमाने वाढत्या वजनांचा व्यायाम करून घेतला व दुर्बल स्नायू त्यामुळे बळकट होतात हे दाखवून दिले. पाच ते आठ वेळाच उचलता येईल एवढा भार, त्यानंतर दोन-तीन मिनिटांची विश्रांती आणि दर आठवड्याला भारात थोडी वाढ, असा हा क्रम असतो. ही विश्रांती म्हणजे आळस नव्हे. स्नायूंतील तात्काळ वापरावयाची शक्ती तेवढ्या वेळात पुन्हा भरून येते. विश्रांती तोडली की धाप लागते, भार कमी करावा लागतो आणि ताकदीची वाढ मंदावते.

हा भेद जुन्या आणि नव्याचा आहे असे मानणे योग्य होणार नाही. आपल्या तालमीत दोन्ही गोष्टी होत्याच. शेकडो जोर-बैठका व हौद्यातील माती खणणे यांनी दम वाढत असे. तर नाल, सुमतोला व जड गदा यांनी ताकद. खो-खोतही हेच दिसते. या जिल्ह्याची कन्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले व २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार लाभला. खो-खोतील आक्रमक खेळाडू बसतो, उसळतो, धावतो व पुन्हा बसतो. वारंवार धावण्यासाठी दम लागतो. परंतु बसल्या जागेवरून उसळी मारणे हे मांड्यांच्या ताकदीचे काम आहे.

दोन्ही पद्धतींची सरमिसळ मात्र विचारपूर्वक करावयास हवी. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा आठवड्यांच्या प्रयोगात ताकद व दम या दोहोंचा कठोर सराव एकाच वेळी करणाऱ्यांची ताकद सुरुवातीस वाढली. पण अखेरच्या आठवड्यांत ती खुंटून घटू लागली. म्हणून आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे, दोन दिवस सर्किटचे व उरलेले दिवस हलक्या धावण्याचे व विश्रांतीचे ठेवणे हितावह ठरेल. पुरुषांचा ७.२६० किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा गोळा केवळ दमाच्या जोरावर दूर जात नाही; त्याला ताकद व तंत्र लागते. ही ताकद महिनोन्महिन्यांच्या सरावाने येते, जाहिरातीनंतरच्या धावपळीने नव्हे.

सर्वसामान्य नागरिकांनाही हाच नियम लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम व त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम सुचविला आहे. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच रक्तदाब अथवा हृदयविकार असणाऱ्यांनी तीव्र सर्किट सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. उन्हाळ्यात सराव पहाटेच आटोपावा व पाणी भरपूर प्यावे.

यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. वाळूने भरलेली पोती, एक दोरी, शाळेचे मैदान आणि योग्य पद्धत दाखविणारा शिक्षक एवढे पुरेसे आहे. ग्रामपंचायतीने व्यायामशाळेचे साहित्य आणताना ते शिकविणाऱ्याची सोय आधी पाहिली, तर गावच्या मुलामुलींचे श्रम वाया जाणार नाहीत.