पाव मिलिमीटरचा घोळ

भुसावळहून मुक्ताईनगरकडे निघालं की वाटेत वरणगाव लागतं. आजूबाजूला केळीच्या बागा, जवळच तापी आणि मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडणारं ऊन. अशा या मुलखात १९६४ पासून काडतुसं तयार होतात. १९६२ च्या युद्धाने देशाला दारूगोळ्याची टंचाई किती महागात पडते ते शिकवलं, त्यानंतरच्या धावपळीत इथला आयुध कारखाना उभा राहिला. पुण्याजवळचा खडकीचा कारखाना त्याच्याही कितीतरी आधीचा, १८६९ चा. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. काडतुसाचं बूड उजेडात धरलं तर त्यावर बारीक अक्षरं कोरलेली दिसतात. ‘ओएफव्ही’ म्हणजे वरणगाव, ‘केएफ’ म्हणजे खडकी.

काडतुसावरच्या या अक्षरांशीच जोडलेली पिस्तूल बाळगणाऱ्यांची एक जुनी तक्रार असते. एका कंपनीची काडतुसं भरली की पिस्तूल सुरळीत चालतं, दुसऱ्या कंपनीची भरली की तिसऱ्या-चौथ्या गोळीला अडकतं. बोअर तोच, खोक्यावरचा आकडा तोच, मग बिघडलं कुठे? बहुतेक जण पिस्तुलाला दोष देऊन मोकळे होतात. पण आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाला स्वतःची ताकद नसतेच. त्याचं सगळं इंजिन काडतुसात असतं. कंपनी बदलली की इंजिनच बदललं.

काडतुसात जिनसा चारच: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, ठिणगी उडते आणि दारू पेटते. आतला दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक होतो. त्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटतं आणि पेटलेला वायू मागे येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडली, दाब उतरला, की तेच पितळ केसभर आकसतं आणि भिंत सोडतं. हे आकसणं नसतं तर पुंगळी बाहेरच आली नसती.

नागरिकांना परवान्यावर सहसा मिळतात ती ०.३२ बोअरची पिस्तुलं. त्यातल्या बऱ्याचशा पिस्तुलांत स्लाइडला, म्हणजे वरच्या सरकत्या भागाला, कसलंच कुलूप नसतं. गोळी पुढे सुटते आणि त्याच धक्क्याने स्लाइड मागे रेटली जाते. जाताना ती रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, पुढच्या गोळीसाठी पिस्तूल सज्ज करते आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. ही सगळी कामं सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत उरकतात. कुठे काय अडतं याचं नवल वाटण्याऐवजी, एरवी अडत कसं नाही याचंच वाटायला हवं.

आता कंपनी बदलून पाहू. दारू मिळमिळीत असेल तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतच उभी अडकते. शूटर तिला ‘स्टोव्हपाइप’ म्हणतात. दारू फार कडक असेल तर उलटं होतं. स्लाइड इतक्या झपाट्याने परत येते की मॅगझिनची स्प्रिंग पुढचं काडतूस वर उचलायच्या आतच ती निघून जाते. चेंबर रिकामं राहतं आणि चाप ओढला की नुसता ‘टक्’ आवाज येतो. गोळीचं नाक गोल असेल तर ती चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावरून अलगद चढते. नाक सपाट किंवा पोकळ असेल तर तिथेच ठेचकाळते. टोपीचा पत्रा जाड असला तर पिनेचा नुसता खड्डा पडतो, ठिणगी पडत नाही.

सगळ्यांत मजेशीर अडकणं ०.३२ मध्येच पाहायला मिळतं. अमेरिकी कारागीर जॉन ब्राउनिंगने हे काडतूस १८९९ च्या सुमारास आखलं. त्याच्या बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा प्रत्येक बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर येते. चेंबरमध्ये काडतूस किती आत जायचं ते ही कडच ठरवते. मॅगझिनमध्ये मात्र एक पथ्य पाळावं लागतं: वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. ठरलेल्या मापाचं, साधारण २५ मिलिमीटर लांबीचं काडतूस मॅगझिनमध्ये नीट बसतं, त्याला मागेपुढे सरकायला जागाच उरत नाही. पोकळ नाकाचं काडतूस मिलिमीटरभर आखूड असेल तर तेवढी मोकळीक मिळते. बार उडाल्याच्या हिसक्याने वरचं काडतूस मागे सरकतं आणि त्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसते. आता स्लाइडने कितीही ढकललं तरी ते पुढे येत नाही. पिस्तूल निर्दोष, काडतूसही निर्दोष, आणि तरी दोघांचं जुळत नाही.

पितळाचीही एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच पावसाळ्यात घडली. इंग्रजी अमदानीत फौजेच्या तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकत. ना धक्का, ना आग. कोडं सुटायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की दोष दोन गोष्टींच्या संगनमताचा आहे. पुंगळी पितळेच्या चकतीतून टप्प्याटप्प्याने ओढून लांबवतात, त्यामुळे धातूत ताण कोंडून राहतो. त्यावर दमट हवेत घोड्यांच्या मुताचा अमोनिया बसला की पितळ चिरतं. उपाय सोपा निघाला. पुंगळी हलकेच तापवायची, म्हणजे ताण निघून जातो. ठोकून ताठरलेलं पितळ आचेवर नरम करणारे आपले तांबट हेच करत आले. रायफलच्या काडतुसाच्या मानेवर कधी कधी निळसर-तपकिरी झाक दिसते, ती याच आचेची खूण. बूड मात्र कडक ठेवावं लागतं, नाहीतर पुंगळी ओढणारा आकडा तिची कड फाडून घेतो. एकाच पुंगळीत तोंड मऊ आणि बूड टणक! हा तोल प्रत्येक कारखाना आपापल्या परीने साधतो, म्हणून एकाची पुंगळी सहज सुटते, दुसऱ्याची चिकटते.

काडतूस निवडण्यात नेमबाज आणखी पुढे जातात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, त्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. या दोन्ही प्रकारांत काडतूस ०.२२ चं. या पातळीवर कंपनी निवडून भागत नाही. रायफल शिकंज्यात घट्ट आवळायची, एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं उडवायची आणि ज्या लॉटची भोकं कागदावर सर्वांत जवळ पडतील तो लॉट उचलायचा. २५ मीटर पिस्तुलाच्या नियमांत तर अडकण्यालाही कलम आहे. गोळी अडली की खेळाडूने हात वर करून थांबायचं, पंच येऊन पाहतो. खेळाडूने स्वतःच यंत्रणेला हात लावला, की अडकण्याबद्दल मिळणारी सवलत गेली.

पंचाची ही शिस्त परवानाधारकानेही उचलावी. गोळी अडली तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धं मिनिट थांबावं, कारण टोपी कधी उशिरानेही पेटते. बार फुसका वाजला तर पुढची गोळी अजिबात झाडू नये. आधीची नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सुटली तर नळी फाटते. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी: आधी तेच काडतूस, दुसरं मॅगझिन; मग तेच मॅगझिन, दुसरी कंपनी. बाहेर पडलेली पुंगळी निरखावी. कड फाटली आहे का, तोंड चेपलं आहे का, टोपीवरचा खड्डा खोल आहे की उथळ? दोष पिस्तुलात दिसला तर परवानाधारक बंदूक कारागिराकडे जावं, कानस घेऊन घरी बसू नये. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेलं पिस्तूल महिनोन्महिने पडून परत येतं आणि आतलं तेल तोवर घट्ट झालेलं असतं, हेही ध्यानात असू द्यावं.

खानदेशचं ऊनही या खटल्यातला साक्षीदार आहे. तापलेली दारू जोमाने जळते, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीत राहिलेलं खोकं डिसेंबरातल्या खोक्यासारखं वागत नाही. सातपुड्यापलीकडून येणारे गावठी कट्टे तर कसल्याच मापाला बांधलेले नसतात. मापात बनलेलं काडतूस बेमाप चेंबरमध्ये गेलं, की ते अडकेल की हातात फुटेल हे बनवणाराही सांगू शकत नाही.

म्हणून काडतुसाच्या खोक्यावरचा लॉट नंबर उगाच छापलेला नसतो. एका खेपेत, एका दारूत, एका पितळात बनलेली काडतुसं कोणती, ते तो सांगतो. आपल्या पिस्तुलाला मानवलेला लॉट सापडला की तो नंबर टिपून ठेवावा, कारण पुढचं खोकं त्याच कंपनीचं असलं तरी इंजिन नवं असणार आहे.