डोंगरीचे कापड आणि सदऱ्याचे वय

मुंबईच्या डोंगरीतले जाडेभरडे कापड इंग्रजांच्या तोंडी ‘डंगरी’ झाले. त्याच जातकुळीच्या डेनिमचे कामकरी सदरे आज शौकीन जमवतात. त्यांचे वय कसे ओळखावे? लिव्हाईजच्या लाल फितीवर सगळी अक्षरे मोठ्या लिपीची असतील, तर सदरा बहुधा १९७१ पूर्वीचा. पण नकलांवरही ती फीत असते. धुण्याच्या सूचनांची पट्टी अमेरिकेत १९७२ पासून सक्तीची झाली. ती असेल, तर सदरा बहुधा त्यानंतरचा.

खरी झीज कोपरावर, कॉलरीच्या घडीवर पडते. बनावट जुनेपणा वाळूच्या माऱ्याने आणीत. त्या धुळीने तुर्कस्तानात कामगारांची फुप्फुसे निकामी झाली, कित्येक मेले. २००९ मध्ये तेथे बंदी आली. तेव्हा जुनेपणा अंगमेहनतीने आला की धुळीने, हे पारखूनच पैसे मोजावेत.