भट्टीतला बर्फाचा गोळा: ड्युटेरॉन जन्मतो कसा?

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. जिनिव्हाजवळ सर्नच्या एलएचसी यंत्रात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात, तेव्हा शेकडो कणांच्या गर्दीत क्वचित एखादा ड्युटेरॉन सापडतो. ड्युटेरॉन म्हणजे एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी. त्याचा प्रतिकण, प्रति-ड्युटेरॉन, जवळजवळ तितक्याच संख्येनं मिळतो.

यात नवल काय? आकडे बघा. ही जोडी तोडायला फक्त २.२ एमईव्ही ऊर्जा पुरते. आणि कण जिथून बाहेर पडतात तिथलं तापमान, ऊर्जेच्याच मापात सांगायचं तर, १५० एमईव्हीच्या वर. म्हणजे भट्टीत बर्फाचा गोळा टाकला आणि तो अख्खा बाहेर आला, अशातला प्रकार!

याची दोन उत्तरं दिली जात होती. पहिलं असं: गरम गोळा निवताना बाकीच्या कणांबरोबर अणुकेंद्रकंही थेट तयार होतात, जितकं वस्तुमान जास्त तितकी संख्या कमी. दुसरं: ती नंतर जुळतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जवळ असले, जवळपास एकाच वेगानं एकाच दिशेला निघाले, की चिकटतात. पण दोघंच असून भागत नाही. जादा ऊर्जा घेऊन जायला तिसरा कण लागतो, नाहीतर ऊर्जा आणि संवेग यांचा हिशोब जुळत नाही.

अडचण अशी, की किती ड्युटेरॉन मिळतील याचं भाकीत दोन्हीकडून साधारण सारखंच येतं. नुसतं मोजून निकाल लागेना.

मग अॅलिस प्रयोगानं वेगळी युक्ती केली. टकरीत डेल्टा नावाचे अल्पायुषी कण बनतात. ते सुमारे १०⁻२३ सेकंदात फुटतात, आणि पायॉन व न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन, बाहेर पडतात. हा न्यूक्लिऑन पुढे ड्युटेरॉनमध्ये गेला, तर त्याच्या भावंडाचा, म्हणजे पायॉनचा, संवेग त्या ड्युटेरॉनशी नातं सांगणार. हे नातं खरोखर दिसलं. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार सुमारे ९० टक्के ड्युटेरॉन आणि प्रति-ड्युटेरॉन अशा अल्पायुषी कणांच्या विघटनानंतर जुळतात. म्हणजे बर्फाचा गोळा भट्टीत टिकला नाही. तो भट्टीबाहेर, थोड्या गारव्यात तयार झाला.

आता तुम्ही म्हणाल, याचा उपयोग काय? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एएमएस हे उपकरण २०११ पासून वैश्विक किरणांत प्रति-अणुकेंद्रकं शोधतंय. कृष्णद्रव्याचे कण एकमेकांना नष्ट करत असतील, तर त्यातून ती निर्माण होऊ शकतात. पण साध्या वैश्विक किरणांची ताऱ्यांमधल्या वायूशी टक्कर झाली तरी ती बनतात. नेहमीची किती, हे नीट काढता आलं तरच त्यावरची वेगळी ओळखू येतील. आणि त्यासाठी ती जुळतात कशी, हे आधी कळायला हवं.