गिटारच्या लेपावरील टवक्याची दुरुस्ती

गिटारच्या लाकडावरील रंगीत किंवा पारदर्शक लेपाचा टवका उडाल्यास ती जागा भरून तिचा रंग भोवतालच्या लेपाशी जुळविण्याच्या कामास लेपाची डागडुजी अथवा टच-अप असे म्हणतात. टवका भरणे तुलनेने सोपे असते; रंग जुळविणे हा या कामातील खरा अवघड भाग होय. जुळवायचा असतो तो कारखान्यातून निघालेला रंग नव्हे, तर उजेड, घाम व काळ यांमुळे बदललेला आजचा रंग. त्यामुळे उत्पादकाच्या रंगसूचीनुसार अचूक बनविलेला रंगही जुन्या वाद्यावर उपरा दिसतो.

लेपाचे प्रकार

हाताने बनविलेल्या अनेक क्लासिकल गिटारींवर चपड्याचे, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे, पॉलिश असते. मिरजेच्या सतारमेकरांच्या कामातही हेच पॉलिश परिचित आहे. जुन्या अमेरिकन गिटारींवर प्रामुख्याने नायट्रोसेल्युलोज लॅकर आढळते. ड्यूपाँट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी आणलेल्या अशाच लॅकरचे ‘ड्यूको’ हे नाव भारतातील फर्निचर रंगविणाऱ्यांच्या तोंडी आजही आहे. आजच्या स्वस्त व मध्यम किमतीच्या बहुतेक गिटारींवर मात्र पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा लेप असतो.

हा भेद ओळखल्याशिवाय कामाला हात घालू नये. लाख स्पिरिटमध्ये व लॅकर थिनरमध्ये पुन्हा विरघळते. त्यामुळे नवा थर जुन्यात मिसळून एकजीव होतो. पॉलियुरेथेन व पॉलिएस्टर एकदा पक्के झाले की विरघळत नाहीत. त्यांवर नवा थर केवळ चिकटतो आणि त्याची कड बारकाईने पाहिल्यास दिसत राहते. परीक्षेसाठी पिकगार्डखालच्या झाकलेल्या जागी कापसाच्या बोळ्याने आधी स्पिरिटचा व नंतर थिनरचा थेंब लावून पाहतात. ही परीक्षा दर्शनी भागावर केल्यास टवक्यापेक्षा मोठा डाग पडण्याची भीती असते.

रंग जुळविणे

पिकगार्डखालील जागा परीक्षेसाठी योग्य असली, तरी रंगाच्या नमुन्यासाठी ती अगदी अयोग्य ठरते. तेथे उजेड पोहोचलेला नसतो, म्हणून मूळ रंग बराचसा टिकून राहिलेला असतो. नमुना टवक्याच्या लगतच्या भागाचाच घ्यावा.

फेंडर कंपनीने १९५० व १९६० च्या दशकांत अनेक रंग मोटारींच्या रंगसूचीतून घेतले; ‘फिएस्टा रेड’ हा फोर्डच्या थंडरबर्ड मोटारीचा रंग होता. या गिटारींवरील पारदर्शक लॅकर कालांतराने पिवळे पडते. परिणामी पांढरी गिटार सायीसारखी आणि निळी हिरवट दिसू लागते. अशा गिटारीसाठी निळ्या रंगात हिरवा मिसळण्यापेक्षा खाली मूळ निळा व त्यावर किंचित पिवळसर छटा दिलेला पारदर्शक थर देणे अधिक चांगले, कारण मूळ रंगही थरांमधूनच घडलेला असतो.

सनबर्स्टसारख्या पारदर्शक छटांसाठी विरघळणारे रंजक लागते; अपारदर्शक रंगासाठी रंगद्रव्य चालते. धातूची चमक असलेल्या रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असतात. ब्रशने लावल्यास ते फवारणीप्रमाणे बसत नाहीत, म्हणून असा टवका क्वचितच पूर्णपणे लपतो.

दुकानातील ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. दोन रंगांतील रंगद्रव्ये भिन्न असली की असे घडते. याला मेटामेरिझम म्हणतात. त्यामुळे रंग दिवसाच्या उजेडात, वाळल्यानंतर आणि वर पारदर्शक थर देऊन तपासावा.

टवका भरणे

रंग टवक्याच्या तळापुरताच लावून त्यावर पारदर्शक लॅकरचे किंवा, पॉलिएस्टरच्या बाबतीत, सायनोॲक्रिलेट गोंदाचे पातळ थर देतात. प्रत्येक थर वाळू द्यावा लागतो. एकाच वेळी भरलेला जाड थर आक्रसून खळगा राहतो. भराव थोडा उंच आल्यावर दोन्ही टोकांना टेप लावलेल्या ब्लेडने तो खरवडतात, मग ८०० ते २००० क्रमांकांच्या वॉटर पेपरने सपाट करून रबिंग कंपाउंडने चमक आणतात. नेलपॉलिशने केलेली डागडुजी हास्यास्पद मानली जाते, पण बहुतेक नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोजच असतो; छटा जुळत असल्यास लहान टवक्यासाठी ते चालते. संग्राह्य जुन्या गिटारीचा टवका मात्र तसाच ठेवणे उत्तम, कारण अशा वाद्याची किंमत मूळ लेपावर बरीच अवलंबून असते.

पालघर–बोईसर परिसर

तारापूर औद्योगिक वसाहतीत रंजकद्रव्यांचे कारखाने असले, तरी गिटारला लागणारा चमचाभर रंग मोटारींच्या रंगाच्या दुकानातच बनवून घेणे सोयीचे असते. तेथे केवळ कोड न सांगता गिटारच सोबत न्यावी. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. साध्या कापडी मास्कने त्यापासून संरक्षण होत नाही.

किनाऱ्यालगतची दमट हवा ही येथील मोठी अडचण होय. लॅकरमधील थिनर वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि लेपावर पांढुरकी झाक येते. गडद रंगावर ती विशेष उठून दिसते व रंगच चुकल्याचा भास होतो. जून ते सप्टेंबरमध्ये हे काम शक्यतो टाळावे. करावेच लागले, तर पाऊस नसलेला कोरडा दिवस निवडून थर अतिशय पातळ द्यावेत. झाक आलीच, तर मंदगतीने उडणाऱ्या रिटार्डर थिनरचा हलका फवारा दिल्यास लॅकर पुन्हा मऊ होऊन अडकलेले बाष्प बहुधा निघून जाते.